व्होल्टेजचे फोटो

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता वाकू देते का? वहिनींचा खोकला थांबला असेल; तुमचं औषध घेतलं नसेल, तर नक्कीच थांबला असेल. इकडे व्होल्टेज सोडून सगळं ठीक आहे.

तुमच्या बहिणीचं भरतकामाचं मशीन दुसऱ्यांदा जळलं, हे तिने फोनवर सांगितलंच असेल. (रडले नाही, असंही म्हणाली असेल. रडली.) मेकॅनिकने बोर्ड बदलून दिला, पण बजावलं की तिसऱ्यांदा जळलं तर सरळ भंगारात घाला. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम तिने अंगावर घेतलेलं. व्होल्टेज वरखाली होतं अशी तक्रार केली, पण वीज कार्यालयातले साहेब ढिम्म. म्हणे, दोष तुमच्या घरात आहे. माझ्या घरात! जिथे मेन स्विचसुद्धा मी स्वतः उघडून फडक्याने पुसतो! पुरावा आणा म्हणाले. आणतोच, म्हटलं.

व्होल्टेजची नोंद ठेवणारं यंत्र भलतंच महाग निघालं. म्हणून प्लगमध्ये खोचायचा स्वस्तातला मीटर आणला. तो आकडा दाखवतो, पण लक्षात ठेवत नाही (या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे, असं तुमची बहीण म्हणते). आधी आम्ही पाळ्या लावल्या. तिच्या पाळीत आकड्यांच्या जागी ‘बरा आहे’, ‘मघासारखाच’ अशा नोंदी झाल्या. मग जुना मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि त्याला दर मिनिटाला मीटरचा फोटो काढायला लावलं. पहिल्या दिवशी सगळे फोटो माझ्या पोटाचे आले, कारण आकडा बघायला मीच सारखा मध्ये येत होतो. दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून लांब स्टुलावर बसलो, आणि सापडलं! इस्त्री लावली की आकडा दोनशे तीसवरून धाडकन एकशे सत्तरवर. तसाच मीटर उपटून शेजारच्या मास्तरांकडे गेलो. त्यांची वीज आमच्याच खांबावरून येते. तिथे इस्त्री लावली, हीटर लावला, आकडा जागचा हलेना. (मास्तरांचा शर्ट तेवढा जळला.)

म्हणजे दोष आमच्याच घरात. हे वाक्य लिहिताना फार जिवावर आलं. वायरमनने मेन स्विच उघडला, तर एक तार स्क्रूतून सुटून काळी पडलेली, आणि ती जागेवर राहावी म्हणून तिच्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी! तीही सशाचं चित्र असलेली. दादा, या घराचं वायरिंग हौसेने तुम्ही केलंत आणि औषधांचं दुकानही तुमचंच. मी कुणाचं नाव घेत नाही.

तार घट्ट बसवली. मशीन छान चालू आहे. फोटो चालूच ठेवले आहेत.

तुमचा आज्ञाधारक,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. : साहेबांची माफी मागायला जायचं आहे. चूक तुमची असल्यामुळे तुम्हीच मागावी. मी सोबत येईन.

आणखी एक ता. क. (हा माझा, तुझ्या बहिणीचा) : दादा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलंय. सशाच्या पट्ट्या मी धाकट्या लेकीच्या गुडघ्यासाठी गेल्या वर्षी आणल्या. हे स्विच पुसत असताना तार सुटली, ती चिकटवायला यांनी पट्टी मागितली आणि मीच कापून दिली. यांना काही आठवत नाही. पण माझ्या मशीनसाठी हा माणूस दिवस दिवस स्टुलावर बसला, साहेबांशी भांडला, दुसऱ्याचा शर्ट जाळून आला. माझ्या कामासाठी एवढं आजवर कुणी केलं नव्हतं. तेव्हा रविवारी ये, आणि चूक तुझीच होती म्हण.