डोक्यातले प्लॅटिनम आणि पिठाची चाळणी

मी खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम जन्मभर घरचे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल कोणाला शंका असल्यास डॉक्टरीणबाईंना विचारावे. काल त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. चव्वेचाळीसला त्या “पुरे, आजी” म्हणाल्या, पण मी दोनपर्यंत जाऊन थांबले. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

कागद जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागचा आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये. अक्षर तिरके आले आहे, कारण माझी उजवी पापणी खाली पडली आहे आणि बोटाने वर केली तर सगळे दोन-दोन दिसते. काल चिरंजीव दोन दिसले. एक होता तोच पुरेसा होता.

१. ही पापणी आठ दिवसांपूर्वी पडली. डोकेही ठणकत होते. जाऊबाई चार बायकांत म्हणाल्या, “अगं, जपाला बसतेस की पेंगायला?” सून म्हणाली, “आता एकाच डोळ्याने चुका काढणार वाटतं.” चिरंजीव म्हणाले, “आई, माझ्याकडे असं बघू नकोस. मी काय चोर आहे?” शेवटी चष्म्याचा नंबर वाढला असे ठरले. मीही शहाणी. दुकानात जाऊन सांगितले, उजवीच काच बदला, डावी चांगली आहे, निम्म्यात भागेल. चष्मेवाल्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, “मावशी, मी तुम्हाला काच विकत नाही. डोळ्याची बाहुली मोठी झालीय. हा चष्म्याचा आजार नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा.” गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार देवाने मला चौसष्टाव्या वर्षी दाखवला. त्यांना काहीतरी ठेवावे असे मनात होते. परंतु जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी आमच्या ह्यांच्या मृत्युपत्राच्या वेळी वकिलांकडून ऐकले आहे. चष्मेवाले साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना फक्त आशीर्वाद.

२. आजार असा. सायकलची जुनी ट्यूब जिथे विरते तिथे तिला फुगा येतो. तसा माझ्या मेंदूच्या एका रक्तवाहिनीला आला आहे आणि तो डोळ्याच्या नसेवर दाबतो. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवले. कवटी उघडणार नाहीत. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी घालून ती थेट डोक्यापर्यंत नेणार आणि फुग्यात तारेचा गुंडा भरणार, म्हणजे रक्त तिकडे शिरणार नाही. मी विचारले, डोक्याच्या कामाला मांडीतून का? म्हणाल्या, “आतले रस्ते सगळे जोडलेले असतात, आजी.” हे पटले. जाऊबाईंच्या कानात सांगितलेली गोष्टही अशीच कुठून कुठे पोचते.

धोका त्यांनी लपवला नाही. काही जणांची वाचा जाते, काहींचा हातपाय, एखादे माणूस परतच येत नाही. न करता फुगा फुटला तर त्याहून वाईट. चिरंजीव त्यांना आधीच सांगून आले होते, “आईला काही कळू देऊ नका, ती घाबरेल. सही मी करतो.” बाई म्हणाल्या, “डोकं त्यांचं आहे, सही त्यांचीच लागेल.” ती मी आज सकाळी केली. अकरा वाजता मला आत नेतील.

३. काल मी झोपले आहे असे समजून पडद्यापलीकडे जे बोलणे झाले, त्यावरून पुढची वाटणी केली आहे. तार प्लॅटिनमची असते असे बाईंनी सांगितले. चिरंजीवांनी विचारले, “प्लॅटिनम? मग ते नंतर... म्हणजे पुढेमागे... परत मिळतं का?” मग सून म्हणाली, “त्यांना बोलता येईल ना? एकोणीस वर्षं मला बोलतायत. एकदम बंद झाल्या तर मी घरात भांडू कोणाशी?” आणि तिने नाक ओढले. तिला सर्दी नाही.

सबब, डोक्यातले प्लॅटिनम माझ्याबरोबर जाईल. तरीही चिरंजीवांना राख चाळून पाहायची असल्यास माझी पिठाची चाळणी मी त्यांना देत आहे. जाळी बारीक आहे, काही निसटणार नाही. याखेरीज त्यांना काही नाही.

४. जपाची माळ जाऊबाईंना. पेंग आल्यास डोळ्यांना पाणी लावावे, पण आधी पापणी तपासून घ्यावी.

५. घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी, माझ्या नावावर आहे. ते मी संपूर्ण सुनेला देत आहे. चिरंजीवांनी तिथे राहावे, ती ठेवील तोवर. आजाराचा खर्च भागून बँकेत काही उरले तर तेही तिचे. तिने ते संसारात घालू नये, स्वतःवर उडवावे. उडवायचे कसे हे मी तिला शिकवले नाही, ही माझी चूक.

६. मी जिवंत राहिले पण वाचा गेली, तर माझ्या वतीने सुनेने बोलावे. मी काय म्हणणार हे तिला आधीच माहीत असते. एकोणीस वर्षे माझे वाक्य पुरे व्हायच्या आत तिचे उत्तर आलेले आहे.

७. देवाच्या कृपेने मी धडधाकट परत आले, तर हा लिफाफा मी माझ्या हाताने कपाटात ठेवीन. त्यातले एक अक्षरही कोणी सुनेला सांगू नये. भाजीतल्या मिठाबद्दल मी पूर्वीप्रमाणेच बोलणार आहे.

हे लिहीत असताना ती खाटेशी उभी होती. कागद मी हाताने झाकला होता. साक्षीदार हवेत असे ऐकून तिने पेन पुढे केले. मी म्हटले, तू नको. तिचा चेहरा पडला. म्हणाली, “एवढाही भरवसा नाही का माझ्यावर?”

मी म्हटले, तुझे अक्षर वाईट आहे.

सही केली, दोन्ही साक्षीदारांच्या देखत.

साक्षीदार:
१) चष्मेवाले, बाजाराच्या कोपऱ्यावरचे (भेटायला आले होते, त्यांना थांबवून घेतले)
२) वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर

स्थळ: खिडकीजवळची खाट, क्रमांक सात
दिनांक: महिन्याची चौदा, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे