बाचा जुना साडला

बा, काल तुझ्या नातीने तुझं एखादं जुनं लुगडं मागितलं आणि माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. तिला सातवा महिना लागला आहे. म्हणाली, "मोटी बा सांगायची, बाळाचं पहिलं झबलं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या जुन्या कापडाचं. तिचं आयुष्य त्याला लागतं." तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती. हे तिला तू कधी सांगितलंस? मी शाळेत दुसऱ्यांच्या मुलींना शिकवत होते तेव्हाच सांगितलं असशील.

तिच्या वेळी मी बाळंतपणाला नंदुरबारला तुझ्याकडे आले होते. बापूंना इथे रेल्वेत नोकरी लागली आणि तू काठियावाडातून नवी नवरी होऊन आलीस, त्या वेळी नेसलेला सुती साडला तू जपून ठेवला होतास. धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. तो तू राखेच्या पाण्यात उकळलास, उन्हात वाळवलास आणि बाळाला टोचू नये म्हणून शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवून झबलं शिवलंस. मी पुण्याच्या कॉलेजात शिकून आलेली. म्हणाले, "बा, ही चिंधी माझ्या मुलीच्या अंगाला लावायची नाही. जंतू असतात." शेजारची म्हातारी उंबऱ्यात बसली होती. ती हसली. "शिकेल पोरले चिंधीनी भीती वाटस का व बेन?" तू उलट तिलाच गप्प केलंस. "ऱ्हाऊ दे माय, तिन्हं खरं शे." या गावची बोली तू किती लवकर उचललीस, मी मात्र तुझी भाषा चारचौघांत कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तू ओसरीवर तांदूळ निवडते आहेस. मी कंदिलाची काच पुसते आहे आणि माझ्या हातात ते झबलं आहे. मुद्दाम घेतलेलं. तू पाहतेस. "काच चोखी निघनी, बेटा," म्हणतेस आणि सूप उचलून आत जातेस. भांडली असतीस तर मला उत्तर देता आलं असतं.

तू गेल्यावर तेरावं झालं आणि मी एका सकाळी तुझी पेटी रिकामी केली. सगळं गल्लीतल्या बायकांना वाटून टाकलं. केवढी धीराची, असं लोक म्हणाले, आणि मला ते आवडलं.

काल चौदा वर्षांनी त्या गल्लीत गेले. शेजारच्या म्हातारीला तुझं एक लुगडं दिलं होतं, ती आता नाही. तिची सून म्हणाली, "ते लुगडं? त्यानी गोधडी व्हयनी, गोधडीनं पोतेरं व्हयनं. आते कथाईन देऊ, मास्तरीणबाई?" तिचं काय चुकलं? मग तिनं मला चहा दिला.

हे पत्र कुठे टाकायचं, तेही मला ठाऊक नाही. एवढी नोंद करून ठेवते. आज सकाळी लेकीच्या हाती दिलं: जुनं सुती पातळ, एक. माझं. ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही काठ फाडून काढले होते. "मोटी बाचं का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.