श्वासाचा अर्धा इंच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुरुषांच्या पँटी व कोट शिवणे, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. मधली तीन वर्षं ते नव्हतं, त्याचा खुलासा पुढे येईल. असा कागद राजीखुशीने केला असं लिहायची रीत आहे. मी राजी आहे, खुशी नाही. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझी स्थावर मिळकत म्हणजे बाजारातला दुकानाचा गाळा, पोटमाळ्यासह. तो माझ्या स्वकष्टाचा आहे. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, आणि बाईच्या हातची पँट कोण घालणार म्हणून लोक दात काढत होते. पुढे त्याच लोकांनी दारात रांग लावली. हा गाळा गहाण टाकून मुलाला आणखी नवी यंत्रणा घ्यायची आहे. मी नाही म्हटलं, तेव्हापासून आठ महिने तो माझ्याशी बोललेला नाही. गाळ्याचं काय करायचं ते शेवटी सांगते, कारण सगळं भांडण त्याचंच आहे.

कलम २. माझी कापायची मोठी कात्री आणि पायमशीन काजवालीला द्यावी. चाळीस वर्षं ही बाई दुकानात बसून काजं करते आहे, म्हणून तिचं हेच नाव पडलं. पगार थांबले तेव्हा कापड कापणारे दोन्ही कटर निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. ही मात्र राहिली. "मी कुठं जाऊ ताई, माझा चष्मासुद्धा इथंच असतो," म्हणाली.

कलम ३. दुकानात कॅमेऱ्यांचा एक उभा खोका आहे. माणसाने आत हात पसरून उभं राहायचं, आणि खोका त्याची चोवीस मापं सांगतो. पँटीला मापं लागतात सहा. खोक्याबरोबर खिडकीत मोठा पडदा आला, ॲप आलं, गिऱ्हाइकांना मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर आलं, आणि या सगळ्याची दरमहा वर्गणी आली. गिऱ्हाईक येवो न येवो, वर्गणी ठरल्या तारखेला हजर. पुढे पुढे तर अस्तर आणायला पैसे नव्हते, आणि खिडकीतल्या पडद्यावर तेच अस्तर दिवसभर चमकत होतं! हे ज्याने आमच्या गळ्यात मारलं त्या प्रेझेंटेशनवाल्याला खोका परत देण्याची माझी इच्छा होती, पण तो आता फोन उचलत नाही. सबब खोका भंगारवाल्याला द्यावा. तो नको म्हणाला तर वर काहीतरी देऊन न्यायला लावावा.

कलम ४. माझ्या मापाच्या एकतीस वह्या कोणाला देता येत नाहीत, कारण सगळं संगणकात आलं म्हणून मुलाने त्या रद्दीत घातल्या. काय आलं संगणकात? माप घेताना पुरुष पोट आत ओढून श्वास रोखतात. मी टेप धरून इकडच्या तिकडच्या गप्पा काढते, मग बहुतेक जण सोडतात. काही खमके असतात, सोडतच नाहीत. त्यांच्या नावापुढे मी 'श्वा.' लिहायची, म्हणजे कमरेला अर्धा इंच जास्त धरायचा. वह्या संगणकात उतरवायला ठेवलेल्या पोराने मला विचारलं नाही. स्वतःच्या अकलेने शब्द पुरा केला आणि 'श्री.', 'डॉ.' लिहायच्या रकान्यात टाकला. निवृत्त हेडमास्तरांना मेसेज गेला : "आदरणीय श्वान हेडमास्तर, आपली पँट तयार आहे."

फोन हातात धरून ते दुकानात आले. "बाई, तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी, आणि मला कुत्रा म्हणता?" वर पँट कमरेला बसेना ती बसेनाच, कारण खोक्याला श्वास कळत नाही. मुलगा म्हणाला, "आई, ही एंट्रीची चूक आहे, सिस्टिमची नाही."

"मग सिस्टिमला सांग, त्यांची माफी मागायला," मी म्हटलं.

असे त्रेसष्ट श्वान आमच्या यादीत होते. त्यांतले जेमतेम पाच परत आले.

कलम ५. आता माझा खुलासा. त्या खोक्याचा करार एकोणीस पानांचा होता. मुलगा म्हणाला, "वाचायला काही नाही गं, सगळीकडे हेच असतं. खुणेच्या जागी सही कर." कापड उलटसुलट पाहिल्याशिवाय मी कात्री लावत नाही, आणि तिथे झरझर सह्या करून मोकळी झाले. पडद्यावर माझा फोटो लावणार होते ना! त्यालाच भुलले. माझ्या सगळ्या ठेवी त्या पानांत गेल्या. मुलाने अक्कल गहाण टाकली हे खरं, पण कागदावर सही माझी आहे. त्याच्यावर जेवढा संताप आहे तेवढाच स्वतःवर आहे.

कलम ६. गाळा मुलाला आणि काजवालीला निम्मा निम्मा, समाईक. दोघांच्या संमतीशिवाय तो विकता वा गहाण टाकता येणार नाही. काजवालीला लिहितावाचता येत नाही. तेव्हा कुठल्याही कागदावर तिचा अंगठा हवा असल्यास मुलाने तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, आणि तिला कळेपर्यंत समजावून सांगावा. तिचं समाधान झालं नाही तर अंगठा नाही.

मुलाला वाटेल, आईने सूड घेतला. बारा वर्षांचा असताना त्याने कोटाला पहिली बाही लावली. इतरांच्या पहिल्या बाह्या मी उसवते. त्याची उसवली नाही, कारण ती बरोबर होती. हे त्याला कधी सांगितलं नाही, ही चूक माझी. त्याच्या हातात कसब आहे, म्हणून गाळा पूर्ण काढून घेतलेला नाही.

ताजा कलम. सही करण्यापूर्वी मी मुलाला बोलावून घेतलं, बोलायला नव्हे, वाचायला. हा सगळा कागद त्याने काजवालीला मोठ्याने वाचून दाखवला. पाचवं कलम त्याने घाईघाईने वाचलं, आणि पान उलटायला घेतलं.

"थांब रे," काजवाली म्हणाली. "मला अजून कळलं नाही. परत वाच."

त्याने परत वाचलं. सावकाश, एकेक शब्द. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई, ती एकोणीस पानं मीसुद्धा वाचली नव्हती."

हे त्याच्या संमतीने इथे नमूद केलं आहे.

ठिकाण : दुकान, कापायच्या टेबलावर.
दिनांक : सोळा, गुरुवार, सकाळी अकरा.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार : १. शेजारचा कुलूपवाला (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)