धुराची नळी नीट बसवेपर्यंत

सूनबाई,

तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. बाळाला घेऊन मी त्याच्या आत्याकडे जाते आहे. काल तुझ्या लेझर मशीनची धुराची नळी निसटली आणि सगळा धूर पाळण्यावर गेला. पोर खोकून खोकून काळंनिळं झालं, तरी कानात गाणी घालून तुझं लाकूड कापणं चालूच.

ती नळी नुसत्या चिकटपट्टीवर टिकत नाही गं, गरम झाली की पट्टी सुटते. आधी मशीनच्या तोंडावरची भुकटी पूस. नळी त्या तोंडावर चार बोटं चढव, वरून पत्र्याचा क्लॅम्प बसव आणि स्क्रू घट्ट पिळ. फटीत सिलिकॉन भर आणि पुरतं वाळू दे. मग मशीनचा पंखा लावून सांध्याभोवती उदबत्ती फिरव. तिचा धूर एखाद्या फटीपाशी ओढला गेला किंवा उडाला, तर अजून गळतंय असं समज.

मी रागावलेली नाही. रोजच्या प्रार्थनेत तुझंही नाव घेते, तुला कधीतरी आईपण उमजावं म्हणून. तुझा नवरा मला म्हणाला, “तुला योग्य वाटेल ते कर.” आत्याला मूलबाळ नाही, तिने पाळणा केव्हाच आणून ठेवलाय. बाळाला परत कधी आणायचं, ते मी कळवीन.

तू विचारशील, “आई, तुम्ही घरातच होतात ना?” होते. पट्टी सुटत आलेली मी काल सकाळीच, नळी निसटायच्या आधी, पाहिली होती. पण दुपारपर्यंत माझं मौन असतं, आणि तुझ्या मशीनपायी व्रत मोडावं, असं काही मला वाटलं नाही.

आई