पथ्य त्यांचे, गुण मला

मी, शीला धर्मपाल मुनेश्वर, वय सहासष्ट, राहणार लोहारा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम मागून घेतला, कारण माझ्या नणंदबाई विमलताई यांचे याबाबत मत वेगळे आहे.

१. लोहाऱ्यातील दोन खोल्यांचे घर मी एमआयडीसीतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवून बांधले. ते माझ्या नावे आहे. माझ्यामागे ते मुलगी नयन हिचे. पती धर्मपाल यांनी त्यात शेवटपर्यंत राहावे, पण एका अटीवर.

२. अटीचे कारण असे. धर्मपाल यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी खाणे बदलायला सांगितले. मी भात कमी केला, गोड बंद केले, ज्वारीची भाकर, डाळ आणि पालेभाजी सुरू केली. त्यांना एकट्याला जड जाऊ नये म्हणून मीही तेच खाल्ले. त्यांना पथ्य इतके आवडले, की ते विहारात त्यावर भाषण देऊ लागले. "जिभेवर ताबा पाह्यजे," असे लोकांना सांगून ते संध्याकाळी फिरायला जात.

तरी शुगर उतरेना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. विमलताई सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या, "माह्या भावाले हे काय चारते, कोनाले ठाऊक!" मला माझ्याच हाताचा संशय येऊ लागला. भाजीत तेलही चमच्याने मोजून घालू लागले.

पुढे पायाची जखम चिघळली आणि त्यांचा अंगठा कापावा लागला. तेव्हा नाश्त्याचा ठेला लावणारा फकिरा दवाखान्यात भेटायला आला, हातात जिलेबीचा पुडा.

"हे कायले आनलं?" मी विचारले.

"वयनी, भाऊ तं रोज संध्याकाळी माह्या ठेल्यावर खात. म्हनत, डॉक्टरनं परवानगी देल्ली."

धर्मपाल यांनी चादर तोंडावर ओढली. दरम्यान माझी बीपीची गोळी अर्ध्यावर आली होती. ज्यांच्यासाठी स्वयंपाक बदलला, त्यांना सोडून फायदा मला झाला.

३. अट: धर्मपाल यांनी विमलताईंना खरे काय ते चार माणसांसमोर सांगावे. न सांगितल्यास त्यांनी बहिणीकडे राहायला जावे. तिथे त्यांना कोणी उपाशी ठेवणार नाही.

४. मोठी पातेली, तवे व शेगडी माझ्यासोबत भाकरी थापणाऱ्या मानीबाईस द्यावी. विमलताईंना अंगणातला कारल्याचा वेल द्यावा, मुळासकट.

५. पुरवणी. वरील मजकूर नयनने साक्षीदारांसमोर वाचला. धर्मपाल यांनी फोन मागितला आणि ते स्पीकर लावून बहिणीशी बोलले.

"विमल, शीलाचं काई चुकलं नाई. मीच लपूनछपून खात होतो."

"तिनंच शिकवलं असंन तुले असं बोलाले!"

"तिनं शिकवलेलं आयकलं असतं," धर्मपाल म्हणाले, "तं माहा अंगठा असता."

अट पूर्ण झाली. कलम ३ मी माझ्या हाताने खोडले असून बाजूला सही केली आहे.

साक्षीदार:
१. उत्तमसिंग राठोड (सही)
२. इंदूबाई आत्राम (सही)

लिहून ठेवणार: शीला धर्मपाल मुनेश्वर (सही)
लोहारा, यवतमाळ
दि. ११ फेब्रुवारी २०२५