ज्येष्ठमधाचं श्रेय

मानक नगर, लखनौ
२८ नोव्हेंबर २०२४

ती. प्रतिमाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. रविवारी चौकात मक्खन-मलाईच्या ठेल्यापाशी बाबा कोसळले. दवाखान्यात कळलं की दिवाळीपासून त्यांनी स्टिरॉइडची गोळी बंद केली आहे, तुमच्या सांगण्यावरून.

तुम्ही म्हणता तशा त्यांच्या अॅड्रिनल ग्रंथी थकलेल्या नाहीत; तरुणपणीच्या क्षयाने निकामी झाल्या आहेत. शरीराला रोज लागणारं संप्रेरक त्या बनवत नाहीत, ते गोळीतूनच मिळतं. तुम्ही सांगितलेली अश्वगंधा, लवकर झोप, चहा बंद, यांनी थकलेल्या माणसाला बरं वाटेल. बाबा मरतील. अळणी जेवण तर उघड घातक आहे. त्यांच्या शरीरात मीठ टिकत नाही.

सध्या औषध सलाइनमधून जातं. दोन आठवड्यांनी घरी सोडतील, मग गोळी त्यांनाच गिळायची आहे. ती घेणार नाही म्हणतात. डॉक्टरांनी अंकल-अंकल करून समजावलं, तर दीदी से पूछकर बताऊँगा, असं त्यांनाच सुनावलं. फोनवर तुम्ही सांगितलंत तर मी पढवलं म्हणतील. तुमचं अक्षर मानतात. एक ओळ लिहा, गोळी घे म्हणून. बाकी काही मागत नाही.

लोभाबद्दल या वेळी लिहीत नाही.
मुक्ता


सांगली
३ डिसेंबर

चि. मुक्तास,
अ. उ. आ.

आत्याला ‘तुम्ही’ म्हणायला लागलीस, छान. रेल्वेत रुळांचे तुकडे तपासून पगार घेतेस, आता माणसंही तपासायला लागलीस का? नरेंद्रला क्षय झाला तेव्हा आमची आई त्याच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. घास मी भरवले. तो माझं ऐकतो याचं तुला एवढं नवल?

गोळ्यांनी त्याचं तोंड सुजलं, हाडं ठणकायला लागली, ते तुला दिसलं नाही. दसऱ्याला मी तुमच्याकडे आले, ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला आणि त्याचा रक्तदाब वर आला. तुझ्याच यंत्रावर मोजला. तेव्हा चकार शब्द काढला नाहीस. काढ्याने गुण आला एवढं सहीनिशी कबूल कर, मग बघते. आणि जमलं तर अधूनमधून हसत जा. तुझी आई हसायची, म्हणून ते घर घर वाटायचं.

लोभ आहे, तू मागितला नाहीस तरी.
प्रतिमाआत्या


मानक नगर, लखनौ
७ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कबूल करते. बाबांचा रक्तदाब तुमच्या काढ्यानेच वाढला. डॉक्टरांना विचारून लिहिते आहे. ज्येष्ठमधाने संप्रेरक तयार होत नाही; शरीर ते ज्या वेगाने मोडून टाकतं, तो वेग फक्त कमी होतो. तेव्हा बाबा गोळीही घेत होते, म्हणून टिकवायला काहीतरी होतं. गोळी थांबली आणि काढ्याला टिकवायला काही उरलं नाही. तुम्ही पाहिलेला गुण खरा होता. त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ चुकला.

तोंड सुजलं हेही खरं. डॉक्टर मात्रा कमी करणार आहेत, बंद नाही.

एकदा वाचवलंत म्हणून दुसऱ्यांदा मारायचा हक्क मिळत नाही. गुरुवारी त्यांना घरी आणते. सांगलीचं पत्र आलं का, असं ते सारखं विचारतात.

सही खाली आहे. वाट तुमच्या उत्तराची पाहते, लोभाची नव्हे.
मुक्ता


सांगली
१० डिसेंबर

चि. नरेंद्रास,
अ. उ. आ.

काढ्याचं काम झालं, तो आता बंद. यापुढे माझं औषध म्हणजे ती गोळी. सकाळी काहीतरी खाऊन घ्यायची, मुक्ता देईल तेवढी. जेवणात मीठ हवं. लोणचंही खा. ताप आला किंवा उलटी झाली तर माझ्या पुड्या शोधत बसू नकोस, पोरीला हाक मार. का म्हणून विचारू नकोस. अंथरुणावर होतास तेव्हाही विचारलं नव्हतंस.

पोरगी तोंडाळ आहे. हे पत्र तिला दाखवू नकोस.

तुझी,
ताई


मानक नगर, लखनौ
१६ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा शुक्रवारपासून गोळी घेतात. तुमचं पत्र त्यांनी मला दाखवलं नाही, मी मागितलं नाही.

काल शेजारचे सक्सेना त्यांना बघायला आले. बाबांनी गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि ये हमारी दीदी का इलाज है, खास महाराष्ट्र से, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं. सक्सेनांनी आपल्या पत्नीसाठीही मागवता येईल का, विचारलं. त्यांना मी नाही म्हटलं. बाबांच्या वाक्यात मात्र दुरुस्ती केली नाही. चहा करायला आत गेले.

तुम्हाला माफ केलेलं नाही. बाबांचा रक्तदाब ठीक आहे.

लोभ त्यांच्यावर असू द्या. त्यांना तो औषधासारखा लागतो.
मुक्ता