माझ्या नावाची सव्वा मूठ

आप्पा, काल एका बापानं मला विचारलं, "मॅडम, ये लडका है के लडकी, एक बार बता दो बस." मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. अशा मुलींच्या आईबापांना समजावून सांगणं हेच आता आपल्याच गावातल्या लालबागच्या दवाखान्यात माझं काम आहे. मी म्हटलं, "तिला विचारा." हे मी तुमच्याकडून शिकले, म्हणून आज लिहायला बसले.

अकरावीत गेले तरी पाळी आली नाही, तेव्हा तुम्ही मला इंदूरला नेलंत. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता सांगितलं. रक्तातली गुणसूत्रं एक्स-वाय, मुलग्यांची असतात तशी. शरीर पुरुषी हार्मोन तयारही करतं, पण त्याला दाद देत नाही. म्हणून बाहेरून सगळी घडण मुलीची झाली, आत गर्भाशय मात्र नाही. यात कुणाची चूक नाही, असंही त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये तुम्ही रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होतात. आता घरात आपण कोण, एवढंच माझ्या मनात घोळत होतं.

पुढच्याच आठवड्यात श्रावणातला कानबाई देवीचा सण. नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, ही आपली रीत. सिंधीपुऱ्याच्या घरात सगळे परातीभोवती बसलेत. तुम्ही तुमची मूठ टाकता, काकांची, दादाची. मग माझ्याकडे बघता आणि माझं नाव घेऊन आणखी एक मूठ टाकता. जन्मभर कागदाच्या मिलमध्ये, प्रयोगशाळेची चिठ्ठी सांगेल तसं मशीन चालवलेला माणूस तुम्ही. रिपोर्टात वाय आला, तर पोरीचा हक्क बुडू नये, असा तुमचा सरळ हिशेब. मला मात्र घरातून कुणी उचलून बाहेर ठेवल्यासारखं झालं. मी रडायलाच लागले.

तुमचा हात थांबला. "तुले काय वाटस, बाई? तू सांगशी तेच खरं."

सगळ्यांसमोर. तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाहीत. शेवटी मी म्हटलं, "मी पोरगीच शे, आप्पा."

काकू परातीत पडलेल्या माझ्या मुठीकडे बघून पुटपुटली, "मंग आते कसं? कानबाईना गहू मांगे नही टाकतस."

"मांगे कोन टाकस?" म्हणालात, आणि आईचं नाव घेऊन मूठ टाकलीत. मग ताईची. मग काकूचीसुद्धा, तिचं तोंड उघडंच राहिलं. भाऊबंदांनी नाकं मुरडली, तर "आमना घरमा मानसं मोजतस" एवढंच उत्तर. त्या वर्षी रोट जास्त झाले आणि ते घरच्यांनीच संपवायचे, म्हणून खाताना आमच्या नाकी नऊ आले.

आप्पा, मला तुमचा फार अभिमान वाटतो. चुकलात, आणि चूक मागे न घेता तिला एवढं मोठं केलंत की तिच्यात आम्ही सगळ्या मावलो.

कालच्या बापानं शेवटी मुलीला विचारलंच नाही. तिचं मनगट धरून निघून गेला. बाकीच्यांना मी दिवसभर हसून सांगत राहिले, घाबरू नका, सगळं नीट होतं. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार, म्हणून इथंच कबूल करते: ते सांगताना माझाच त्यावर विश्वास नसतो. प्रत्येकीच्या घरी तुम्ही नसता.